मिटल्या डोळ्यांचं वाक्य

थर्झा बास्कमला लहानपणी देवदूत दिसला होता, हे कॉटनवूड फोर्क गावात कुणाला नव्यानं सांगावं लागत नसे. पाटाचं पाणी कुठल्या दिवशी कुणाच्या शेताला, आणि सिस्टर बास्कमला (आमच्या पंथात सगळ्या बायका सिस्टर, सगळे पुरुष ब्रदर) काय दिसलं, या दोन गोष्टी तिथल्या पोरांना नीट बोलता येण्याआधीच ठाऊक होत. पाण्यावरून गावात डोकी फुटत. देवदूतावरून मात्र कुणी कधी ब्र काढला नव्हता. तो निघाला नव्या सभागृहाची कोनशिला बसली त्या वर्षी, आणि काढला कुणी, तर खुद्द थर्झानंच.

बाई साठी ओलांडलेली, ठेंगणी, मनगटांनी दणकट. चीज करायची. तिच्या चीजचं सॅनपीट खोऱ्यात नाव होतं आणि तिच्या जिभेचंही. नवी टोपी घालून 'कशी दिसते?' असं कुणी विचारलंच, तर ती खरं सांगे. त्यामुळे शहाण्या बायका टोपी दुसरीकडे दाखवत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या मागे उरल्या होत्या दोघी: थर्झा आणि तिची सवत मारेन. अंगण एक, घरं दोन, आणि चूल पुन्हा एकच, कारण दोन चुलींना लाकूड फार लागतं असं मारेनचं म्हणणं होतं. मारेन डेन्मार्कहून आलेली, उंच, हाडकुळी आणि तोंडाची फटकळ.

"तुझ्या वाट्याला देवदूत आले, थर्झाबाई," ती म्हणे, "आणि माझ्या वाट्याला तुझा नवरा."

"बदलून देत होते की मी तुला," थर्झा म्हणे. "तूच नको म्हणालीस."

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गाव उपास करून जुन्या सभागृहात जमे. त्या दिवशी प्रवचन नसे. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि आपली साक्ष द्यायची. कुणाचा ताप प्रार्थनेनं उतरलेला, कुणाची हरवलेली गाय स्वप्नात दिसून तिथंच सापडलेली. काही जण इतके रंगात येत, की उपाशी पोरं बाकाखाली झोपून जात. थर्झा वर्षातून एखाददा उठे आणि ती उठली की पोरंसुद्धा जागी होत, कारण ती लवकर संपवायची.

"मी अकरा वर्षांची होते," ती सांगे. "ओहायोत, कर्टलंडला, नवं मंदिर उघडलं त्या दिवसांतली संध्याकाळ. आत माणसं मावत नव्हती, म्हणून आम्ही पोरं बाहेर भिंतीशी उभी. वरच्या खिडकीत मला एक जण दिसला. पांढरा. मागे दिवा होता म्हणून नव्हे, तो स्वतःच उजेड होता. डोळ्यांत काही गेलं असेल म्हणून मी डोळे गच्च मिटले. मिटले तरी तो दिसत होता. उघडले तरी दिसत होता. एवढंच."

आणि ती खाली बसे. इतक्या वर्षांत त्यात एक शब्द वाढला नाही की कमी झाला नाही. पण सांगणारा कितीही नीट सांगो, ऐकणारे आपल्याला हवं तेच घरी नेतात. गावानं खिडकी नेली, उजेड नेला, उघडे डोळे नेले. मिटलेले डोळे तिथंच बाकावर राहिले. शेजारच्या गावात गोष्ट पोचेपर्यंत तर देवदूत थर्झाशी हात मिळवू लागला होता. थर्झाच्या कानावर हे आलं की ती म्हणे, "हात मिळवला असता तर माझ्या ध्यानात राहिलं असतं."

त्या वसंतात आगगाडीनं आमच्या पंथाविरुद्ध बोलत फिरणारे एक व्याख्याते आले, मिस्टर लडलो म्हणून. चांगला कोट, गोड आवाज. शाळेच्या खोलीत त्यांचं भाषण झालं. फुकट होतं, म्हणून निम्मं गाव गेलं. लडलोंनी आमच्या पवित्र ग्रंथाच्या सुरुवातीला ज्यांची नावं छापली आहेत त्या अकरा साक्षीदारांनाच हात घातला. तो ग्रंथ मुळात ज्यांवर कोरलेला होता ते सोन्याचे पत्रे आम्ही पाहिले अशी ग्वाही देणारे अकरा, आणि त्यांतल्या तिघांना ते देवदूतानं दाखवलेले. "म्हातारपणी त्यांच्यातल्या एकाला म्हणे कुणी विचारलं," लडलो म्हणाले, "या डोळ्यांनी पाहिलंत का? तर म्हणाला, आत्म्याच्या डोळ्यांनी. मित्रहो, त्याला पाहणं म्हणत नाहीत. त्याला वाटणं म्हणतात."

मागच्या बाकावर थर्झाचा मुलगा जार्व्हिस बसला होता. तो गावचा बिशप. आमच्याकडे बिशप म्हणजे कुणी झगेवाला नव्हे. सहा दिवस नांगर धरायचा आणि सातव्या दिवशी गावाची गाऱ्हाणी ऐकायची. शांत माणूस. पण त्या दिवशी ताडकन उठला.

"ते अकरा जण मेले तरी किंवा फार लांब तरी आहेत," तो म्हणाला. "त्यांना विचारणं तुम्हाला सोपं आहे, उत्तर यायचं नाही. माझी आई इथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिनं देवदूत पाहिलाय, डोक्यात आहेत त्याच डोळ्यांनी पाहिलाय. या, तिला विचारा!"

लोकांनी बाक बडवले. मिस्टर लडलो काही विचारायला आले नाहीत, सकाळच्या गाडीनं निघून गेले. जार्व्हिसचं बोलणं मात्र गावात राहिलं. लोक त्याला रस्त्यात थांबवून पाठ थोपटू लागले. जूनमध्ये नव्या सभागृहाची कोनशिला बसायची होती आणि तिच्या पोटात एक पत्र्याची पेटी ठेवायची ठरली होती. ग्रंथाची एक प्रत, गव्हाची मूठ आणि फुंकून रिकामं केलेलं एक अंडं. ते अंडं बायकांनी हट्टानं घालायला लावलं, कारण निम्मी इमारत त्यांच्या रविवारच्या अंड्यांवर उभी राहणार होती. रविवारी घातलेलं प्रत्येक अंडं त्यांनी देवाच्या नावानं वेगळं काढलं होतं. त्या पेटीत आईची साक्षही ठेवायची असं जार्व्हिसनं मनात घेतलं. गावानं हात वर करून ती मान्य करायची म्हणजे पुढे कुठल्या लडलोची बोलायची टाप राहणार नाही.

कागद घेऊन तो चीजच्या खोलीत आला तेव्हा थर्झा फडताळावरचे चीजचे गोल गड्डे उलटत होती. रोज उलटावे लागतात, नाहीतर एका अंगानं ओले राहून नासतात.

"वाच," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

त्यानं वाचलं. खिडकी होती, उजेड होता. 'मी माझ्या शरीराच्या, उघड्या डोळ्यांनी पाहिले' असं होतं, आणि खाली सहीला जागा.

"पुढचं?"

"पुढचं काय?"

"मिटले तरी दिसत होता, ते."

जार्व्हिसनं कागदाची घडी केली, परत उलगडली. "त्यानं घोटाळा होतो, आई. मिटल्या डोळ्यांनी म्हटलं की लोक म्हणणार, स्वप्न. लडलोच्या हातात आयतं कोलीत. मी खोटं काही घातलं नाही. एक वाक्य गाळलं, एवढंच."

"मग मीही गड्ड्याची कोरडी बाजू तेवढी दाखवून तो विकते," थर्झा म्हणाली. "ओली बाजू खाली ठेवते. चालेल?"

"ही चीजची गोष्ट नाही!"

"नाहीच. चीज असतं तर मी तुझं ऐकलंही असतं."

तो स्टुलावर बसला. दोन हिवाळ्यांपूर्वी घशाच्या आजारात त्याची मुलगी गेली होती, लेटी, पाच वर्षांची. याच खोलीत ती आजीच्या घंगाळाशी उभी राहायची आणि फाटलेल्या दुधाचे मऊ गोळे उचलून खायची, ओरडलं तरी खायची. तेव्हापासून जार्व्हिस सभेत सगळ्यांचं सांत्वन करत असे आणि घरी आला की गोठ्यात जाऊन बसत असे.

"तुला सांगतो," तो खाली बघत म्हणाला. "लेटीला मातीत ठेवलं त्या दिवशी मला एक ओळ प्रार्थनेची सुचली नाही. मी बिशप, आणि सुचली नाही. तेव्हा मी एकच गोष्ट धरून ठेवली. म्हटलं, माझ्या आईनं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे तिकडे काहीतरी आहे, या भिंतीसारखं आहे. मग लेटीही असणार. तू ते मिटलेले डोळे मध्ये आणलेस की माझ्या हातात काय राहतं?"

थर्झाचा जीव तुटला. तिच्या एका होकारावर पोराच्या छातीवरचा धोंडा उतरणार होता, आणि होकारही कसला, नुसतं गप्प बसायचं होतं. ओले हात तिनं फडक्याला पुसले आणि पुन्हा पुसले. लेटी तिचीही होती. पण तिला हेही कळत होतं, की जे तिनं पाहिलंच नाही त्याच्यावर पोराला उभं केलं तर एक दिवस ते त्याच्या पायाखालून निघणार, आणि तेव्हा ती सावरायला असेलच असं नाही.

"जे होतं ते मी देऊ शकते," ती म्हणाली. "जास्तीचं माझ्याजवळ नाही रे. असतं तर लेटीसाठी आधी तुलाच दिलं असतं. मी सही करणार नाही."

"सहीची गरज नाही," जार्व्हिस म्हणाला. त्याचा आवाज कोरडा झाला होता. "गावानं हात वर केले की झालं. सगळ्यांनी तुझ्याच तोंडून ऐकलंय."

"त्यांनी अर्धं ऐकलंय," थर्झा म्हणाली, पण तो दारातून बाहेर पडला होता.

रात्रीच्या जेवणाला मारेननं तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. तिच्यापुढे काही लपवणं म्हणजे उगाच वेळ घालवणं.

"एक वाक्य," मारेन म्हणाली. "एका वाक्यासाठी पोटच्या पोराला तोंडघशी पाडणार? सगळ्या गावासमोर?"

"तोंडघशी तो स्वतःच पडलाय, त्या शाळेत. मी उचलतेय."

"अगं, पेटीत जाणार तो कागद! दगडात! वाचणार कोण? उंदीरसुद्धा नाही."

"मग खरा गेला तर काय बिघडलं?"

मारेननं पाव तोडला. "तू एक नंबरची हट्टी आहेस. आपला म्हातारा उगाच नाही महिनाभर पाण्याच्या राखणीला जाऊन बसायचा."

"तो तुझ्या मासळीच्या सूपला घाबरून जायचा," थर्झा म्हणाली. पण जेवण तिला गेलं नाही, आणि मारेननं ते पाहिलं.

कोनशिलेच्या दिवशी ऊन चांगलंच होतं. पायाच्या खड्ड्याशेजारी फांद्यांचा मांडव घातला होता आणि खाली फळ्या टाकल्या होत्या. गाव नटूनथटून आलं होतं. पेटी टेबलावर, अंडं कापसात. एका बाजूला सभेची नोंद लिहायला ब्रदर थोरुप, नाकावर चष्मा, हातात टाक. आमच्यात कुठलीही गोष्ट ठरवायची तर गावापुढे मांडतात. अनुकूल असतील त्यांनी उजवा हात वर करायचा, मग हरकत असेल त्यांनी. हा दुसरा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारतात. हात कुणी वर करत नाही, आणि केला तर काय करायचं हे धडपणे कुणाला ठाऊकही नव्हतं. ब्रदर थोरुप तर उत्तराची वाटच बघत नसत. 'एकमताने मंजूर' हे शब्द ते सभेआधीच सुरेख अक्षरात लिहून ठेवत.

जार्व्हिसनं कागद वाचला. आवाज खणखणीत होता, पण पहिल्या फळीवर, जिथं आई बसली होती, तिकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा."

सगळा मांडव हातांनी भरून गेला. म्हातारे ब्रदर पिक्सली यांनी तर दोन्ही हात वर केले.

"कुणाची हरकत?" जार्व्हिस म्हणाला आणि कागदाची घडी घालू लागला.

थर्झानं हात वर केला.

कुणाला आधी कळलंच नाही. मग एकेक मान वळू लागली. कुजबुज थांबली, तान्ही पोरं तेवढी रडत राहिली. ब्रदर थोरुपनी खाकरून म्हटलं, "बिशप." जार्व्हिसनं वर पाहिलं, आणि आईचा तो दणकट मनगटाचा हात पाहिला, सरळ, कोपरातही न वाकलेला.

"सिस्टर बास्कम," तो म्हणाला. चारचौघांत आई म्हणता येत नव्हतं. "आपली हरकत?"

"आहे. त्या कागदात लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही."

मांडवात एकच गलका उडाला. ब्रदर पिक्सली उठले. "मग इतकी वर्षं आम्हाला काय गोष्टी सांगितल्या?"

"खाली बस, पिक्सली. मी सगळं सांगितलं, तू अर्धं ऐकलंस." थर्झा उभी राहिली. "परत सांगते. खिडकीत मला एक जण दिसला. तो स्वतःच उजेड होता. मी डोळे मिटले, तरी दिसत होता. उघडले, तरी दिसत होता. एवढंच."

"मग ते स्वप्नच की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"स्वप्न असतं तर डोळे उघडल्यावर गेलं असतं," थर्झा म्हणाली. "आणि नुसतं डोळ्यांनी दिसलं असतं तर मिटल्यावर गेलं असतं. ते गेलं नाही. कसं, ते मला विचारू नका. मला दाखवलं, समजावून सांगितलं नाही. लडलोला मिटलेले डोळे तेवढे हवेत, तुम्हाला उघडे तेवढे. दोघंही माझं अर्धं अर्धं घेऊन पळताय. मी अजून जिवंत आहे, तोवर तरी सगळं असू द्या."

ती खाली बसली, पण हात पुन्हा वर केला, कारण हरकत संपली नव्हती. तिच्या शेजारी आणखी एक हात वर गेला, लांब आणि हाडकुळा.

"मावशी, तूसुद्धा?" जार्व्हिसच्या तोंडून निघून गेलं.

"मी देवदूत-बिवदूत काही पाहिला नाही," मारेन बसल्या जागेवरून म्हणाली. "पण या बाईबरोबर मी एका चुलीवर सगळी उमर काढली. ही मीठ कमी आहे म्हणाली की मीठ कमी असतं. फार राग येतो, पण असतं."

बायकांच्या बाजूला हसू फुटलं. जार्व्हिसच्या शेजारी बसलेल्या त्याच्या सहायकानं त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "दोनच हात आहेत, बिशप. बाकी गाव आपल्या बाजूला आहे. पुढे चला."

पुढे जाता आलं असतं. कुणी नावं ठेवली नसती. जार्व्हिस कागदाकडे बघत उभा राहिला, मग आईकडे. ती त्याच्याकडे रागानं बघत नव्हती आणि माफी मागितल्यासारखीही बघत नव्हती. लहानपणी धारेची बादली घेऊन तो अंगणातून यायचा तेव्हा सांडतोय का म्हणून ती दारात उभी राहायची, तशी बघत होती.

"ब्रदर थोरुप," तो म्हणाला, "टाक द्या इकडे."

त्यानं तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि टेबलावर वाकला. "सांगा, सिस्टर बास्कम."

तिनं सांगितलं, तो लिहीत गेला. खिडकी लिहिली, उजेड लिहिला. 'मी डोळे मिटले' इथं त्याचा टाक थांबला. सगळं गाव पाहत होतं. थर्झानं पुढचं सांगितलं नाही, घाईही केली नाही. शाईचा एक थेंब कागदावर पडला. मग त्यानं ते वाक्य लिहिलं, पुढचंही लिहिलं, आणि 'एवढंच' हा शब्दसुद्धा लिहिला.

पुन्हा हात वर झाले. या वेळी मांडव भरला नाही. ब्रदर पिक्सली हाताची घडी घालून बसले, आणि त्यांच्या रांगेतले आणखी बरेच जण. काहींनी अर्धाच हात वर केला, शेजारी बघत. जार्व्हिसनं स्वतःचा हात पूर्ण वर केला आणि मोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही. ब्रदर थोरुपनी सुस्कारा टाकून 'एकमताने' हा शब्द खोडला. इतका सुरेख काढला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जार्व्हिस चीजच्या खोलीत आला. बाह्या वर केल्या आणि आईच्या बरोबरीनं वरच्या फळीवरचे जड गड्डे उलटू लागला. तिथं तिचा हात आता पोचत नसे.

"पिक्सलीनं पाटावर माझ्याशी बोलणं टाकलं," तो म्हणाला.

"पाणी सोडलं ना वेळेवर?"

"सोडलं."

"मग बोलेल."

त्यानं शेवटचा गड्डा ठेवला आणि भिंतीला टेकला. "आई, डोळे मिटले की मला लेटी दिसते. तिथं, त्या घंगाळाशी. तोंड बरबटलेलं."

थर्झानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "आणि उघडले की?"

तो घंगाळाकडे पाहत राहिला.

"नाही दिसत."

दिसेल, एक दिवस दिसेल, असं म्हणायला तिची जीभ शिवशिवली. कुठल्याही आजीनं म्हटलं असतं. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर आपला ओला, आंबूस वासाचा हात ठेवला.

"मग तसंच सांग," ती म्हणाली. "येत्या उपासाच्या सभेत उठ आणि दोन्ही सांग."

"लोक म्हणतील, बिशपची ही कसली साक्ष?"

"म्हणू देत," थर्झा म्हणाली. "तुझ्या बाजूनं हात वर करायला मी आहे."